रिकामी मात्रा

संध्याकाळी भाजी निवडायला बसले की माझ्याकडे रेगे संगीत लागतं. घरच्यांच्या मते ते तासभर चालणारं एकच गाणं आहे, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. गिटार आपली उलट्या ठोक्यावर 'चिक् चिक्' करत बसलेली असते. आपल्याकडे सगळा खटाटोप समेवर येण्यासाठी. इथे ड्रमवाला बऱ्याचदा पहिली मात्रा खुशाल रिकामी सोडतो आणि तिसरीवर ठोका देतो. तेवढ्यात मेथीची एक काडी खुडून होते.

ही तऱ्हा जमैकाची. पण मी सर्वांत जास्त ऐकते तो गायक लकी दुबे दक्षिण आफ्रिकेचा. आडनावावरून कानपूरचा वाटेल, पण होता झुलू, तिथल्या एका मोठ्या काळ्या समाजातला. जन्म १९६४चा, एर्मेलो गावातला. आधीची बाळंतपणं फसली होती, हा जगला, म्हणून आईनं नाव ठेवलं लकी. आपल्याकडे त्याचा धोंडू झाला असता.

तो सुरुवातीला म्बाकांगा गायचा. जोहान्सबर्गच्या काळ्या वस्त्यांत वाढलेलं हे नाचरं संगीत: बेस दणकट, गिटार खळखळती आणि पुरुषाच्या आवाजाला मागून बायकांचं उत्तर. झुलू भाषेतल्या त्या रेकॉर्ड तीसेक हजार खपायच्या. १९८४ मध्ये त्यानं रेगेची पहिली रेकॉर्ड काढली, 'रास्ताज नेव्हर डाय'. खपली चारेक हजार, आणि पुढच्याच वर्षी वर्णद्वेषी सरकारनं तिच्यावर बंदी घातली. दुसरा कोणी असता तर गुमान म्बाकांगाकडे परतला असता. यानं रेगेचीच दुसरी रेकॉर्ड काढली आणि ती धो धो चालली.

जमैकाची नक्कल म्हणून त्याला बाजूला सारणारे भेटतात. त्यांनी १९८९चं 'प्रिझनर' नीट ऐकावं. गिटार जमैकाची, कबूल. पण मागच्या बायका? त्या नुसती साथ करत नाहीत. तो एक ओळ टाकतो, त्या ती उचलतात, कधी त्याला मध्येच अडवतात. जात्यावर दुसरीनं ओवी उचलावी तशा. मग हा मधूनच खालच्या भारदस्त आवाजातून थेट पातळ, बायकी स्वरात उडी मारतो आणि त्यांच्यातच जाऊन मिसळतो. म्बाकांगा सुटलाच नव्हता, त्यानं फक्त चाल धिमी केली.

१९८७चं 'स्लेव्ह' म्हणजे गुलाम. हे गाणं गोऱ्यांच्या गुलामीवरचंच वाटावं, इतकं ते नाव त्या देशाला शोभतं. पण ते आहे दारूच्या गुलामीचं. सरकारवर तुटून पडायची मुभा कमी असताना घरातल्या बाटलीवर गाणं लिहायचं, आणि त्यावर लोकांना नाचवायचं, ही चलाखी मला फार आवडते.

१८ ऑक्टोबर २००७ला जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल भागात मुलांना सोडायला गेला असताना गाडी पळवायला आलेल्यांनी त्याला गोळ्या घातल्या. १९९९च्या 'क्राइम अँड करप्शन' या गाण्यात त्यानं हीच भीती गायली होती: घराबाहेर पडलेला माणूस जिवंत परत येईल का? लोक याला भविष्यवाणी म्हणतात. मला नाही पटत. जोहान्सबर्गमध्ये हा प्रश्न रोज घरोघरी विचारला जात होता. त्यानं तो सत्ताधाऱ्यांना विचारला, तोही नाचता येईल अशा ठेक्यावर.