नागपुरात म्यूऑनच्या वाटेवर

म्यूऑन म्हणजे अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात उंचावर जन्मणारा, इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण. घरगुती क्लाउड चेंबरमध्ये, म्हणजे अल्कोहोलच्या गार वाफेने भरलेल्या काचेच्या टाकीत, त्याच्या वाटेची रेघ दिसते. ती बघायला नागपूरला यायचं तर डिसेंबर-जानेवारीत यावं. मे महिन्याच्या 45 अंशांत टाकी गार करणारा कोरडा बर्फ (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) बघता बघता उडून जातो. पावसाळ्यात टाकीच्या काचेवर दव धरतं आणि आतलं काही दिसत नाही.

सकाळ इतवारी आणि सीताबर्डीच्या बाजारात गेली. माशांची छोटी काचेची टाकी, अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, काळा मॅट रंग, जाड फेल्ट (नमद्यासारखं कापड), एलईडी टॉर्च. आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र 99 टक्क्यांचंच घ्यावं. 70 टक्क्यांच्या बाटलीतलं पाणी सगळा खेळ बिघडवतं. कोरडा बर्फ आधी सांगून ठेवला होता. तो थर्माकोलच्या पेटीत, झाकण सैल ठेवून आणला आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवल्या. घट्ट डब्यात तो डबा फोडतो, बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साचून जीव गुदमरतो.

वाटेत गांधीसागरजवळचं रामन विज्ञान केंद्र बघितलं. सी. व्ही. रामन अर्थखात्यात असताना 1910 मध्ये नागपुरात नोकरीला होते, त्यामुळे हे नाव या शहराला शोभतं.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत मांडणी केली. टाकीच्या तळाशी आतून फेल्ट बसवलं, अल्कोहोलने ओलं केलं आणि टाकी काळ्या प्लेटवर उपडी ठेवली. कडा टेपने बंद. प्लेटखाली उणे 78 अंशांचा कोरडा बर्फ, कुटून सपाट केलेला, कारण मध्ये हवेची पोकळी राहिली तर प्लेट पुरेशी गार होत नाही. खोलीत अंधार, टॉर्च बाजूने आडवा. अल्कोहोलची वाफ खाली येऊन प्लेटलगत गार होते आणि तिथून विद्युतभारित कण गेला की त्याच्या वाटेवर थेंब जमून रेघ उमटते. सुरुवातीला नुसती थेंबांची भुरभुर दिसते. इथेच बरेच जण कंटाळून उठतात. दहा-पंधरा मिनिटं धीर धरावा. तरीही रेघा उमटल्या नाहीत, तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा प्लेट तिरकी आहे.

मग रेघा येतात. आखूड आणि जाड त्या अल्फा कणांच्या (हीलियमच्या अणुकेंद्रांच्या), बहुधा हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूतून आलेल्या. वेड्यावाकड्या त्या इलेक्ट्रॉनच्या. बारीक, लांब, सरळ रेघ दिसली की ती बहुतेक म्यूऑनची. दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो, तरी लांब रेघा मोजक्याच दिसतात. रेघ उमटवणारा थर प्लेटलगत जेमतेम सेंटिमीटरभर असतो, त्यामुळे वरून सरळ येणारा म्यूऑन ठिपक्याएवढीच खूण ठेवतो. लांब रेघ तिरक्या म्यूऑनची, आणि ते कमी असतात.

खरं नवल ते इथवर पोचतात यात आहे. म्यूऑन सुमारे 15 किलोमीटर उंचीवर जन्मतो आणि त्याचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगानेही एवढ्यात 660 मीटरच कापले जातात. पण 4 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेच्या म्यूऑनचा काळ आपल्या मानाने सुमारे 38 पट सावकाश चालतो, म्हणून सरासरी पल्ला 25 किलोमीटरवर जातो. अशा कणांचं आयुष्य वेगामुळे लांबलेलं दिसेल, हे होमी भाभांनी 1938 मध्येच मांडलं होतं. नागपूरच्या खोलीतली प्रत्येक लांब रेघ त्याचा पुरावा आहे.

चुंबकाजवळ विद्युतभारित कणाची वाट वळते, म्हणून चुंबक जवळ धरून रेघ वाकवायचा मोह होतो. 0.3 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चुंबकानेही 4 जीईव्हीच्या म्यूऑनच्या वळणाची त्रिज्या 44 मीटर येते. टाकीत ती सरळच दिसणार. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल अँडरसन यांनी 1932 मध्ये पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन भाराचा कण) ओळखला तेव्हा 1.5 टेस्लाचं क्षेत्र आणि 6 मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा वापरला होता. कण शिशात ऊर्जा गमावून पलीकडे जास्त वळला, त्यावरून त्याची दिशा कळली, आणि दिशा व वळणाची बाजू यांवरून विद्युतभार धन की ऋण ते.