मायकोचा फुल फॉर्म

एमबीएची दोन वर्षं म्हटली की मला आधी ब्लेझर आठवतो. नाशिकच्या मेन रोडवर कापड घेऊन शिवलेला, काळा, आतून निसरड्या अस्तराचा. एप्रिलच्या उन्हात तो घालून शहर बसच्या दांड्याला लोंबकळायचं, आणि मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन बसलेल्या एखाद्या मावशी विचारायच्या, "वकील का गं तू?" पहिले काही दिवस मी समजावून सांगितलं. मग नुसतं हो म्हणायला लागले. वकील मुलीला मावशी सरकून जागा देतात. मॅनेजमेंट शिकणारीला देत नाहीत.

कॉलेज गंगापूर रोडच्या बाजूला, पुणे विद्यापीठाला जोडलेलं. फार नावाजलेलं नव्हतं, पण प्रोजेक्टर होता आणि एसीची एक खोली होती. पाहुणे आले की ती उघडायची. तिथे आम्हाला मुख्यतः बोलायला शिकवलं. केस स्टडीची झेरॉक्स हातात यायची, बहुतेक वेळा कुठल्यातरी अमेरिकन कंपनीची, पंधरावीस पानांची. निम्म्या वर्गाने ती उघडलेलीही नसायची, पण वर्गात बोलण्याला गुण होते, त्यामुळे हात सगळ्यांचे वर. "इथे उत्तर बरोबर किंवा चूक असं नसतं, अप्रोच बघायचा," असं सर सांगायचे, आणि त्या एका वाक्यावर पोरं दोन वर्षं जगली. 'सर, इट डिपेंड्स' एवढ्या भांडवलावर आमच्यातला एक जण पहिल्या पाचात आला. त्याला मी नावं ठेवत नाही. मीही 'सिनर्जी' हा शब्द अशा अशा ठिकाणी वापरलाय, की आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी क्विझला जायला लागले, तेव्हा हायसं वाटलं. क्विझ क्लब हे नाव मोठं. प्रत्यक्षात सात-आठ टाळकी, तळमजल्यावरची एक खोली आणि टपरीवरून आणलेला कटिंग चहा. आळीपाळीने एकाने प्रश्न काढून आणायचे, बाकीच्यांनी डोकं खाजवायचं. तिथे उत्तर एकच. येतं किंवा येत नाही. वर्गात टाळ्या घेणारासुद्धा इथे मुकाट्याने 'पास' म्हणायचा, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही. अख्ख्या इमारतीत 'मला माहीत नाही' हे वाक्य बिनधास्त म्हणता येईल अशी ती एकच खोली होती.

हा खेळ आपल्याकडे आला तो साहेबी वाटेने. नील ओब्रायन यांनी १९६७ साली कोलकात्यात एका चर्चच्या हॉलमध्ये घेतलेली क्विझ ही देशातली पहिली रीतसर क्विझ मानतात. मग १९७२ पासून रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट, १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा क्विझ टाइम. टीव्हीवरच्या क्विझमधली मुलं मला आठवतात ती टाय लावलेली, 'सर'मधला र गिळणारी. आम्ही मराठी माध्यमातली पोरं. आमच्याकडे होती प्रश्नमंजूषा. शाळेत २६ जानेवारीच्या आसपास व्हायची, 'महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री कोण?' असले प्रश्न आणि बक्षीस कंपासपेटी. मग २००० साली कौन बनेगा करोडपती सुरू झालं, आणि त्याच वर्षी पहिला करोडपती झाला तो आपला हर्षवर्धन नवाथे. आमच्या गल्लीत जणू घरचं कार्य! संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा घटनेने यांपैकी कुणाला दिली आहे, असा शेवटचा प्रश्न होता. उत्तर: महान्यायवादी. त्यानंतर वर्षभर, आमटीत मीठ कुणी जास्त टाकलं असं विचारलं तरी माझा धाकटा भाऊ 'महान्यायवादी' म्हणायचा.

तर बिझनेस क्विझसाठी म्हणून मी एक दोनशे पानी वही केली. टाटा क्रूसिबल ही टाटांची बिझनेस क्विझ २००४ पासून सुरू झालेली, आणि तिच्या स्टेजवर एकदा तरी जायचं हे आमच्या खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात होतं. (गेलं कुणीच नाही.) वही भरायला लागल्यावर गंमत अशी झाली, की या साहेबी खेळाची पानं भरली ती आपल्याच माणसांनी. दांडेकरांची शाई कॅमल छापाची, त्या कॅमल आणि इंकचं मिळून झालं कॅमलिन. जिच्या जाहिरातीची चाल आम्हाला पाळण्यातच पाठ झाली, ती विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. लिज्जतचा पहिला पापड १९५९ साली गिरगावातल्या गच्चीवर सात बायकांनी लाटला, उसन्या ऐंशी रुपयांवर. सुला वाइन हे नाव राजीव सामंतांच्या आईचं, सुलभाताईंचं. हे नाशिकबाहेर सांगितलं की लोक वा म्हणतात. नाशिकमध्ये 'दुसरीपासून माहीत आहे' असा चेहरा करतात.

सातपूरला ज्यांचा कारखाना आहे ते महिंद्र अँड महिंद्र १९४५ साली सुरू झाले तेव्हा महिंद्र अँड मोहम्मद होते. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि इकडे १९४८ साली दुसऱ्या एमच्या जागीही महिंद्रच बसले. आणि माझं सगळ्यात लाडकं पान हे: नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाची तिकिटं छापायची सोय स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीपासून होती, तरी १९४८ साली गांधीजींचं पहिलं तिकीट काढलं, ते छापून आणलं स्वित्झर्लंडमधून. गांधीजींचं! स्वदेशीवाल्या माणसाचं! हे वाचल्याच्या दिवशी मी नाशिकरोडच्या निदान चार जणांना गाठून ते सांगितलं असेल. एकालाही माझ्याएवढा धक्का बसला नाही.

वहीमुळे वर्गात एकदाच फायदा झाला, तोही उलटा. मार्केटिंगचे चार पी, म्हणजे प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन, आम्ही सगळे पाठ्यपुस्तकवाल्या कोटलरच्या नावावर लिहायचो. वहीत होतं की ते जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली मांडले, कोटलरनी ते घरोघरी पोचवले. मी तसं लिहिलं. सरांनी लाल पेनाने मॅकार्थी खोडून कोटलर केलं. अर्धा गुण गेला.

चांगल्या प्रश्नाची खूण क्विझवाले एका शब्दात सांगतात: वर्केबल. म्हणजे उत्तर पाठ नसलं तरी प्रश्नातलेच धागे ओढून काढता आलं पाहिजे. घासून घासून गुळगुळीत झालेला प्रश्न तो चेस्टनट, ताटात वाढून दिलेला तो सिटर. वर्केबलचा अर्थ कळला तेव्हा मला आजी आठवली. दिवे गेले की ती कोडी घालायची. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.' आता यात काही पाठ करायला लागत नाही; दात मोजले की जीभ सापडते. आणि नाहीच आलं तर आजी उत्तर फुकट सांगायची नाही. "हरले म्हण," म्हणायची. आम्ही हटून बसायचो, कंदिलाची काच काळी होईपर्यंत, पण हरले म्हटल्याशिवाय सुटका नाही. 'पास' म्हणायची सवय मला लागली ती तिथेच, पण फायनलच्या दिवशी नेमकी कुठे गेली होती कोण जाणे.

ती फायनल २००९ सालची. आमच्याच कॉलेजचं वार्षिक संमेलन, बाहेरच्या टीमही आलेल्या. क्विझमास्टर पुण्याचा, जीन्स आणि चुरगळलेला टी-शर्ट, म्हणजे आमच्या ब्लेझरवाल्या गर्दीत तोच एक माणूस आरामात. बझर आमच्याच मुलांनी जोडलेले. तालमीत एकाने एक बटण दाबलं आणि सहाही एकदम किंचाळले, तेव्हा बझर राउंड रद्द करून सगळं पाउन्स आणि बाउन्सवर ठेवलं. ज्यांचा प्रश्न आहे ते चुकले की तो पुढच्या टीमकडे जातो, तो बाउन्स. आणि प्रश्न दुसऱ्याचा असताना तुम्हाला छातीठोक येत असेल, तर आधीच चिठ्ठीवर लिहून द्यायचं, तो पाउन्स. बरोबर आलं तर दहा, चुकलं तर उणे पाच.

माझा जोडीदार लासलगावचा, घरचा कांदा. लहानपणापासून बाजार समितीच्या आवारात ट्रॉलीवर बसून लिलाव बघितलेला. व्यापारी मुठीत कांदा घेऊन कसा दाबतो, बोली कुठे चढवतो आणि कुठे तोंड फिरवतो, हे त्याला पुस्तकाशिवाय कळायचं. पाउन्स करायचा की नाही हे म्हणूनच तो ठरवायचा. शेवटचा राउंड सुरू झाला तेव्हा आम्ही दुसरे होतो, पहिल्यांच्या पाच गुण मागे.

प्रश्न पडद्यावर आला. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचा तर असा: या कंपनीने जानेवारी २००८ मध्ये आपलं जुनं नाव टाकून जर्मन मूळ कंपनीचं नाव घेतलं. जुनं नाव तुमच्या नाशिकमध्ये एका सर्कलच्या रूपाने शिल्लक आहे. त्या नावाचा फुल फॉर्म काय?

मागच्या रांगांतून एकदम हुंकार उठला. मायको! अहो मायको सर्कल! रिक्षावाल्याला सांगायचं, बसवाल्याला सांगायचं. आणि माझं तर घरच मायकोचं. पप्पा एकोणतीस वर्षं मायकोत. आमची सकाळ मायकोच्या बसच्या हॉर्नने व्हायची, फ्रिज आला तो मायकोचा बोनस झाल्यावर, आत्याच्या लग्नात मुलाकडच्यांना पहिली ओळख करून दिली ती 'हे मोठे भाऊ, मायकोत आहेत' अशी. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. पप्पांच्या डब्याच्या झाकणावर खिळ्याने टोकन नंबर कोरलेला आहे, तो मला माझ्या परीक्षेच्या बैठक क्रमांकाआधी पाठ झाला होता.

मी चिठ्ठी ओढली. लासलगावने माझं मनगट धरलं. "फुल फॉर्म येतो का?" मी म्हटलं, "माझे पप्पा आहेत तिथे!" हे उत्तर नव्हतं, हे त्याला कळलं, मला नाही. पेन टेकवल्यावर मात्र लक्षात आलं, की मायकोच्या आत काही असेल असं मला आजवर वाटलंच नव्हतं. मायको म्हणजे मायको, जसं पाणी म्हणजे पाणी. पण सगळा हॉल बघतोय, दोन वर्षांचं शिक्षण पाठीशी आहे. मी ठळक अक्षरात लिहिलं: महाराष्ट्र इंडस्ट्रियल कंपनी.

उणे पाच.

प्रश्न बाउन्स होत होत नगरच्या दोन पोरांपाशी गेला. सकाळच्या एस.टी.ने आलेली, नाशिक पहिल्यांदाच बघणारी. त्यांची कुजबुज माइकवर सगळ्यांना ऐकू येत होती. जर्मन म्हणजे बॉश असणार. बॉश काय करते? प्लग, डिझेलचे पंप. मग एम म्हणजे मोटर. आय इंडस्ट्रीज, सीओ कंपनी. अर्ध्या मिनिटात दात मोजून त्यांनी जीभ काढली. दहा गुण, आणि ट्रॉफी. आम्ही घसरून तिसरे. एक डायरी, एक पेन. चहाच्या वेळी त्यातला एक माझ्याकडे आला आणि अगदी निर्मळपणे विचारता झाला, "ताई, ते सर्कल नक्की कुठंय?" मी रस्ता सांगितला. लासलगाव दिवसभरात एकच वाक्य बोलला: "पोतं न फोडता बोली लावलीस."

घरी गेले तेव्हा पप्पा जेवायला बसले होते. आई पोळ्या लाटत होती. ब्लेझर खुर्चीवर टाकून मी उभ्याउभ्याच विचारलं, "पप्पा, मायकोचा फुल फॉर्म काय?"

"मोटर इंडस्ट्रीज कंपनी लिमिटेड," त्यांनी घासावरून नजर न उचलता सांगितलं. "का गं?"

मी सगळं सांगितलं. महाराष्ट्र इंडस्ट्रियलपाशी आल्यावर त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "अगं, आपली कंपनी मूळची दक्षिणेतली. बेंगळुरूला मुख्य प्लांट. महाराष्ट्र कुठून आणलास?" मग जरा थांबून, भाताचं आळं करता करता: "बरं, ते जाऊ दे. मी तिथे काय करतो, ते तरी माहीत आहे का?"

"नोझल," मी म्हटलं. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल. एवढं यायचं मला.

"नोझलला भोकं किती?"

मी आठवून बघितलं. कपाटात, जुन्या बिलांच्या डब्यात एक नाकारलेलं नोझल पडून असायचं, बोटाएवढं, चकचकीत. लहानपणी मी त्याची शिट्टी करायचा प्रयत्न केला होता. भोकं असल्याचं काही आठवेना.

"पास," मी म्हणाले.

पप्पांनी भातावरून हात उचलला आणि ओट्याकडे बघितलं.

"पाच," आई म्हणाली, तव्यावरची पोळी उलटत. "आणि इतकी बारीक, की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाहीत."

"आमच्या लायनीवरच्या नोझलला," पप्पांनी दुरुस्ती केली, आणि ताटातला अर्धा पापड मोडून तिच्या पोळपाटाच्या कडेला ठेवला.