फावडं सगळ्यात शेवटी: जुन्या बाटल्यांचा उकिरडा शोधताना

जुन्या बाटल्या शोधायला पहिल्यांदा निघालेल्या माणसाचे हात खणायला शिवशिवत असतात. आमच्या फेरीत निम्मा दिवस फावडं पिशवीतच राहिलं आणि त्याचा फायदाच झाला.

जागा ठरवली ती नकाशांवरून. एकाच परिसराचे वेगवेगळ्या काळातले नकाशे शेजारी ठेवले. जुन्यात वस्तीच्या कडेला विटांसाठी माती काढलेला खड्डा होता, नंतरच्यात तिथे सपाट जमीन. म्हणजे तो कशाने तरी भरला गेला. कचरा उचलून न्यायची सोय नव्हती तेव्हा लोक तो असल्या खड्ड्यात, ओढ्याच्या काठावर, नाहीतर परसाच्या टोकाला लोटून देत. जागामालकाची परवानगी आधी घेतली. संरक्षित पुरातत्त्वीय जागा असेल तर विषय तिथेच संपतो. कायदे जागोजागी वेगळे असतात, ते निघण्यापूर्वी पाहून घ्या.

झाडोरा वाळलेला असताना जावं, जमीन दिसते. खड्ड्यालगतच्या ओढ्यात उतरलो आणि पाण्याच्या उलट दिशेने चालत राहिलो. काचा पाण्याबरोबर खाली सरकतात, म्हणून त्या दिसेनाशा होतात तिथे उकिरडा नुकताच मागे पडलेला असतो. काचेच्या कडाही बघायच्या. झिजून गोल झालेली काच लांबून आलेली, धारदार असेल तर जवळचीच. आम्हाला काठावर एका प्राण्याचं बीळ सापडलं. त्याने बाहेर टाकलेल्या मातीत राख, अर्धवट जळलेला कोळसा आणि चिनी मातीची खापरं होती. बिळं उकरणारे प्राणी आपलं निम्मं काम फुकट करून ठेवतात!

तरीही लगेच खणायचं नाही. आधी तुकडे वाचायचे, कारण उकिरड्याचं वय फुटक्या काचाच सांगतात. साच्याची शिवण, म्हणजे साच्याच्या भागांच्या जोडाची उभी रेघ, बाटलीच्या अंगावरून थेट तोंडाच्या कडेपर्यंत गेली असेल, तर बाटली बहुधा यंत्रावरची. मायकल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र 1903 सालचं. शिवण मानेवरच विरत असेल तर तोंड हाताने घडवलेलं, म्हणजे बाटली साधारणपणे त्याआधीची किंवा त्याच सुमाराची. बुडाला खरबरीत वळ दिसला तर ती आणखी जुनी असू शकते: तोंड घडवताना बाटली धरायला बुडाला लावलेली सळई तोडल्याची ती खूण, आणि 1860 नंतर ती कमी होत गेली. पत्र्याचं दातेरी बूच बसेल असं तोंड 1892 नंतरचं. फिकट जांभळी काच मुळात बिनरंगीच असते. काच स्वच्छ दिसावी म्हणून घातलेल्या मँगनीजमुळे ती वर्षानुवर्षं उन्हात राहून जांभळी होते. एका शिवणीवरून मात्र निकाल देऊ नका, दोन-तीन खुणा जुळायला हव्यात.

बिळाजवळचे तुकडे जुने निघाले, तेव्हा कुठे खणायला घेतलं. वरच्या थरात प्लास्टिक आणि आट्यांची झाकणं होती. बरेच नवखे इथेच कंटाळून निघून जातात. त्याखाली मऊ काळी राख लागली की फावडं बाजूला ठेवून हातखुरपं घ्यायचं. मापाच्या रेघा असलेली औषधाची बाटली अख्खी निघाली. त्यापाठोपाठ गडद निळी, अंगावर कंगोरे असलेली एक. विषारी द्रव अशा बाटल्यांत भरत, म्हणजे अंधारातसुद्धा हाताला कळे. गोटीच्या सोडाबाटलीचा फक्त खालचा भाग मिळाला. हायरम कॉडची ही रचना 1870च्या दशकातली, आणि गोट्यांसाठी पोरांनी अशा बाटल्या इतक्या फोडल्या की अख्खी मिळणं दुर्मीळच. आमच्या तुकड्यातही गोटी नव्हती.

आता न चुकता पाळायचं ते. जाड चामडी हातमोजे, मजबूत बूट आणि धनुर्वाताची लस. काठाच्या पोटात आडवं बोगद्यासारखं कधीच खणू नका. राख सैल असते, वरचा भाग न सांगता बसतो आणि माणूस आत गाडला जातो. वरून उघडं, उथळ खणा आणि सोबत कोणीतरी असू द्या. आत द्रव असलेली बंद बाटली उघडू नका, हलवूही नका. तंतू सुटलेले राखाडी पत्रे दिसले तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं, तिथून निघा.

घरी आल्यावर कोमट साबणाच्या पाण्यात बाटल्या भिजत घाला. गार काचेवर गरम पाणी ओतलंत तर ती तडकेल. जमिनीतल्या ओलाव्याने काचेवर इंद्रधनुषी पापुद्रा धरतो. तो घासून काढायची माझी तरी इच्छा होत नाही, मला तोच आवडतो.

निघताना खड्डा बुजवला, वरच्या मातीचा थर परत वरच ठेवला आणि फुटक्या काचा गोळा करून नेल्या. मग सगळा माल जागामालकांना दाखवला. त्यांना औषधाची बाटली आवडली, ती त्यांना देऊन टाकली. काठाचा पलीकडचा भाग अजून बघायचा आहे, आणि परवानगी पुन्हा त्यांच्याकडेच मागायची आहे.