तिकडे स्वस्त मिळतं ना?

मी जर्मनीत होते तेव्हा पुण्याहून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फोनवर हा प्रश्न यायचा. सुट्टीला यायचं ठरलं की मावशीला टॅब हवा असायचा, शेजारच्या काकांना कॅमेरा, चुलतभावाला फोन. मला त्यांचा राग कधी आला नाही. आमच्या लहानपणी आखातातून आलेल्या माणसाच्या बॅगेतून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, निघायचा आणि तो बघायला अख्खा वाडा जमायचा. ती आठवण एवढ्यात पुसली जाणार नाही. पण आता हिशेब वेगळा आहे. जर्मनीत किमतीच्या चिठ्ठीवर १९ टक्के व्हॅट आधीच धरलेला असतो. विमानतळावर तो परत मिळतो तो युरोपीय संघाबाहेरून फिरायला आलेल्याला. तिथे राहून नोकरी करणाऱ्याला नाही. शिवाय मुंबईला उतरल्यावर कस्टम्स आहेच. २०१६च्या बॅगेज नियमांत करमुक्त सामानाची मर्यादा ५०,००० रुपये होती, लॅपटॉप तेवढा वेगळा धरत. सपाट पडद्याच्या टीव्हीची सवलत तर ऑगस्ट २०१३मध्येच गेली.

किमतीचं हे एवढंच. मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. परक्या देशात घरात लागणारी विजेवरची साधी वस्तू घ्यायला गेलेला माणूस किती एकटा पडतो, हे मी चांगलं अनुभवलं आहे. तिथल्या विक्रीची सगळी मांडणीच जन्मापासून तिथे राहिलेल्या माणसासाठी केलेली असते. नव्याने आलेला त्यात बसत नाही आणि दरवेळी पैशाने, नाहीतर मनस्तापाने, फरक भरून देतो.

श्टुटगार्टला मी पोचले नोव्हेंबरात. पाचच्या आत अंधार. तिकडे भाड्याचं घर बहुधा अगदी रिकामं मिळतं. रिकामं म्हणजे छताला दिवेसुद्धा नाहीत. दिव्याच्या जागी दोन-तीन वायरी लोंबत असतात. कित्येक घरांत ओटा आणि सिंकही आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेलेला असतो. मला किल्ली मिळाली शनिवारी संध्याकाळी, आणि रविवारी तिथे दुकानं कायद्यानेच बंद. सोमवारी काम संपवून मी एका मोठ्या साखळी दुकानात गेले. दिव्यांची एक अख्खी भिंत होती. आपल्याकडचा बल्ब पिनांचा, होल्डरमध्ये दाबून फिरवायचा. तिथे सगळे आट्यांचे: जाड ते ई२७, बारीक ते ई१४. खोक्यावर वॅट बारीक अक्षरात, मोठ्या अक्षरात ल्युमेन, म्हणजे उजेड किती ते, आणि रंगासाठी केल्विन. आपल्या घरात जो पांढराशुभ्र उजेड असतो तो ६५०० केल्विनचा. तिथे भिंतभर २७००चे पिवळसर दिवे. यांत्रिकी शिकलेली असल्यामुळे आकडे मला कळत होते. मला विचारायचं होतं ते एवढंच, की छताच्या या वायरींना कुठला होल्डर लागेल आणि तो मी स्वतः बसवला तर चालेल का. मजल्यावर एक माणूस आणि त्याच्यापुढे रांग. माझी पाळी आली तेव्हा त्याने खोक्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, सगळं लिहिलेलं आहे. लिहिलेलं होतंच, जर्मनमध्ये. मी दोन दिवे आणि एक टेबललॅम्प घेऊन बाहेर पडले आणि ट्रामच्या थांब्यावर मला रडू आलं. दिव्यासाठी नव्हे. दिवसभर ऑफिसात मी ज्या विषयावर आत्मविश्वासाने बोलत होते, त्याच विषयातला साधा प्रश्न मला दुकानात विचारता आला नव्हता.

तेव्हा मला तपकीर गल्ली आठवली. बुधवार पेठेतली ही गल्ली पुण्याबाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. वायरी, स्विच, दिव्यांच्या माळा, स्पीकर, सोल्डरिंगची तार, रेझिस्टर, मोटारी, तऱ्हेतऱ्हेचे अडॅप्टर. इंजिनिअरिंगच्या पोरांचं प्रोजेक्ट या गल्लीवाचून पुरं होत नाही, माझंही झालं नव्हतं. तिथे आपण वस्तूचं नाव घेतलं की दुकानदार आधी उलटा प्रश्न करतो.

"काका, बारा व्होल्टचा अडॅप्टर द्या."

"कशाला लावणार, ताई? किती अँपिअर? पिन जाड का बारीक? जुना आणलाय का बरोबर?"

जुना पुढे केला की तो उलटा करून चष्मा वर सरकवत वाचतो, फळीवरून नेमका काढतो, मीटर लावून दाखवतो. बल्ब घेतला तर काउंटरवरच्या होल्डरमध्ये पेटवून दाखवल्याशिवाय हातात देत नाही, आणि मार्करने त्यावर तारीख टाकतो, म्हणजे वर्षाच्या आत गेला तर बदलून मिळेल. बोलणं तुटक असतं, कधी खेकसणंही असतं. पण तुमची अडचण काय आहे हे समजून घेतल्याखेरीज तो माल देत नाही. हे ज्ञान त्याला कुठल्या खोक्यावर वाचायला मिळालेलं नाही, वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांचे प्रश्न ऐकून ते आलंय. दुकानं मोठी होत गेली तसं पहिल्यांदा जे गेलं ते हेच, आणि त्याची झळ परक्या माणसाला सगळ्यात आधी लागते. तिथल्या माणसाला निदान शेजारी असतो, मेव्हणा असतो, खोक्यावरची भाषा येत असते.

मिक्सरचं वेगळंच. तिकडचे ब्लेंडर सूप आणि फळांच्या रसासाठी केलेले. त्यात शेंगदाण्याचं कूट नीट होत नाही, सुकं खोबरं आणि लसूण घातली की पाती नुसती गरगर फिरतात. म्हणून आईने ७५० वॅटचा मिक्सर बरोबर दिला. जर्मनीत वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे मोटारीला काही धोका नव्हता. अडलं ते प्लगपाशी. आपला तीन गोल पिनांचा, तिथला शुको; त्यात अर्थिंग पिनेतून नाही, कडेच्या पत्र्याच्या पट्ट्यांतून येतं. विमानतळावर मिळणाऱ्या बऱ्याच प्रवासी अडॅप्टरमध्ये अर्थिंग नसतंच, आणि मिक्सरसारखा भार त्यावर टाकणं मला मान्य नाही. बांधकाम-सामानाच्या दुकानातून शुको प्लग आणला, जुना कापला, तपकिरी आणि निळी वायर दोन पिनांना आणि हिरवी-पिवळी अर्थिंगला नीट आवळली. शुको दोन्ही बाजूंनी बसतो, त्यामुळे तपकिरी-निळीची अदलाबदल तिथे चालते. अर्थिंगची मात्र अजिबात नाही. ज्यांना यातलं कळत नाही त्यांनी हे स्वतः करू नये, हेही सांगते.

न्यू जर्सीच्या दादाला हाही मार्ग नव्हता. अमेरिकेत १२० व्होल्ट. आपला मिक्सर तिथे लावला तर निम्म्या दाबावर कुंथत फिरतो. त्याने आधी व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. ओट्यावर ते लोखंडी धूड वर्षभर होतं, मग भारतीय किराणा दुकानात ११० व्होल्टचा आपल्याकडचाच मिक्सर मिळाला. जपानात तर १०० व्होल्ट, आणि देशाच्या पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०, कारण १८९०च्या दशकात टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. एवढ्या वर्षांपूर्वीची ती खरेदी आजही तिथे घर बदलणाऱ्याला भोवू शकते.

लॅपटॉप घ्यायचा झाला तेव्हा दुकानात होते ते सगळे जर्मन कीबोर्डचे. वाय आणि झेडची अदलाबदल झालेली, हे दोन दिवसांत हाताला कळतं. पण माझं अर्धं काम प्रोग्रॅमिंगचं. महिरपी कंसासाठी ऑल्ट-जीआर ही कळ दाबून धरून ७ आणि ०, चौकटी कंसासाठी ८ आणि ९, उलट्या तिरप्या रेघेसाठी आणखी तिसरीकडे. दिवसात शेकडो वेळा लागणाऱ्या खुणांसाठी बोटं वाकडी करायची. इंग्रजी कीबोर्डचा मागवता येईल का विचारलं, तर दोनच मॉडेलं, महाग, आणि महिनाभर थांबायचं. हप्त्यांवर मिळेल का विचारलं, तर शूफाची नोंद बघितली. ही तिथली पतनोंद. नव्या माणसाची ती कोरीच असते, आणि माझा राहण्याचा परवानाही वर्षाचाच होता. पगाराची पावती समोर ठेवली तरी यंत्राने नकार दिला. काउंटरवरची मुलगी खरंच दिलगीर होती. तिच्या हातात काहीच नव्हतं, आणि मला तेच जास्त लागलं. एखादा माणूस नाही म्हणाला असता तर त्याच्याशी वाद तरी घालता आला असता.

एक गोष्ट मात्र जर्मनीच्या बाजूने सांगायलाच हवी. वॉशिंग मशीनचा ड्रम आठव्या महिन्यात खडखडायला लागला. दुकानाने सांगितलं, कंपनीशी बोला. कंपनीच्या फोनवर जर्मनमध्ये आकडे दाबत राहायचं, आणि शेवटी माणूस भेटला की तो मला थांबवून पुन्हा सांगा म्हणायचा. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने कायदा समजावून दिला: नव्या वस्तूतल्या दोषाची जबाबदारी दोन वर्षं विकणाऱ्याची असते, बनवणाऱ्याच्या वॉरंटीचा त्याच्याशी संबंध नाही. २०२२पासून पहिल्या वर्षात दोष आधीपासून नव्हता हे सिद्ध करायचं तेही दुकानानेच. मी फरब्राउखरत्सेंट्राले या ग्राहक सल्ला केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पत्र कसं लिहायचं ते सांगितलं: काय बिघडलं, कधी घेतलं, काय हवंय, आणि कुठल्या तारखेपर्यंत. नोंदणीकृत टपालाने पाठवलं. मुदतीच्या आत दुरुस्तीवाला दारात.

असा कायदा आपल्याकडे हवा, असं मला मनापासून वाटतं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी मी पुण्यात आयुष्यभर बघत आले आहे, आणि तपकीर गल्लीवर माझं कितीही प्रेम असलं तरी त्या पाटीचं समर्थन मी करणार नाही. १९७४ साली याच शहरात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. ग्राहकाला हक्क असतो हे आपण इतरांकडून शिकायची गरज नव्हती. पण जर्मनीतला तो हक्क मला सहकाऱ्यामुळे कळला. ज्यांना असा सहकारी नाही, ज्यांचं काम गोदामात किंवा सायकलवर डबे पोचवण्याचं आहे, ते काय करतात? माझ्या ओळखीच्या दोन मुलांनी बिघडलेले फोन सरळ फेकून दिले होते. दोन्ही वर्षाच्या आतले.

परत येतानाही ही गोष्ट पाठ सोडत नाही. बाबांसाठी मी तिथून रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं होतं. दंडाला गुंडाळायचा पट्टा फाटला म्हणून पुण्यातल्या सेवा केंद्रात गेले. तीच कंपनी, दिसायला तेच यंत्र इथेही विकलं जातं. काउंटरवरच्या मुलाने नंबर टाकला आणि सांगितलं, "मॅडम, हे मॉडेल इंडियात नाहीये. पार्ट येणार नाही." मागच्या फळीवर तसाच पट्टा दिसत होता. तो विकत द्या म्हटलं, तर सिस्टीममध्ये बिल बनत नाही. कंपनी माल जगभर विकते, मग तिची जबाबदारी एका देशाच्या हद्दीत का थांबते? याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. चार्जरच्या बाबतीत युरोपने कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचं झालं. त्याआधी काही कंपन्यांचा त्याला विरोधच होता. वॉरंटीचंही तसं होऊ शकतं. कुणीतरी लावून धरलं पाहिजे.

माझा भाचा या ऑक्टोबरात ड्रेस्डेनला एमएस करायला निघालाय. लॅपटॉप आम्ही इथूनच घेतला, सरळ इंग्रजी कीबोर्डचा. पहिल्या दुकानात वॉरंटी जर्मनीत चालेल का विचारलं तर "चालेल हो ताई, काही प्रॉब्लेम नाही." लिहून द्या म्हटल्यावर विषय बदलला. तिसऱ्या दुकानात वेगळे पैसे भरून परदेशातली वॉरंटी मिळत होती, ती घेतली आणि देशांची यादी छापून बिलाला जोडली. त्याच्या आईला, माझ्या ताईला, ते पैसे जास्त वाटले. मला नाही.

जर्मनच्या क्लासमध्ये त्याच्याकडून हॉटेलात जेवण मागवण्याचे संवाद पाठ करून घेतात. मी त्याला दुसरा संवाद लिहून दिलाय: ही वस्तू मी अमुक तारखेला इथून घेतली, ती बिघडली आहे, कंपनीकडे पाठवू नका, जबाबदारी तुमची आहे, दुरुस्ती कधी होईल ते लेखी द्या. रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला की आम्ही दोघं सराव करतो. दुकानदार मी होते, मुद्दाम भरभर बोलते, मध्येच तोडते. मागच्या रविवारी त्याने पहिल्यांदाच मला थांबवलं आणि सावकाश बोला म्हणून सांगितलं.