विषय : जकात

जुन्या पत्रसंग्रहांच्या नोंदी करणं हे माझं अमेरिकेतलं काम. पत्र कुणाचं, कुणाला, कधीचं, कशाबद्दल हे टिपायचं. अभ्यासक पुढे त्या शब्दांवरूनच पत्रापर्यंत पोहोचतो.

त्या दिवशी जॉन कॅल्हून या दक्षिण कॅरोलिनाच्या पुढाऱ्याची पत्रं होती. बहुतेक आयात जकातीची. १८२८च्या कायद्याने जकात खूप चढली. उत्तरेतल्या कारखान्यांना संरक्षण मिळालं आणि कापूस विकून बाहेरचा माल घेणारी दक्षिण खवळली. १८१६ साली याच कॅल्हूनने प्रतिनिधिगृहात संरक्षक जकातीची बाजू घेतली होती. १८२८मध्ये उपाध्यक्ष असताना त्याने निनावी मसुदा लिहिला : केंद्राचा असा कायदा राज्याला आपल्यापुरता रद्द ठरवता येतो.

दुपारी ११ सप्टेंबर १८३०चं पत्र उघडलं, व्हर्जिल मॅक्सी या मित्राला लिहिलेलं. जुन्या नोंदीत विषय एकच : जकात. पण एका वाक्यापाशी मी अडले. जकात हे निमित्त आहे, आजच्या दुर्दैवी स्थितीचं खरं कारण नव्हे, असं कॅल्हून स्वतःच म्हणतो. कारण काय, तर दक्षिणेची ‘खास घरगुती संस्था’, आणि तिच्यामुळे व जमीन-हवामानामुळे तिथल्या उद्योगाला लागलेलं वळण. कर आणि खर्चाच्या बाबतीत त्यामुळेच दक्षिण बहुमताच्या विरुद्ध टोकाला गेली. यातून राज्यांच्या हक्कांनी वाचवलं नाही, तर बंड करावं लागेल, नाहीतर आपण आणि आपली मुलं दैन्याला लागू.

घरगुती संस्था म्हणजे गुलामगिरी. त्याच वर्षीच्या जनगणनेत दक्षिण कॅरोलिनातली निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. त्यांची मुलं बाजारात विकली जात. कॅल्हूनला काळजी होती ती मालकांच्या मुलांची. मला ते वाक्य पुढे वाचवेना.

विषयात ‘गुलामगिरी’ घालायचं मी ठरवलं. वरिष्ठ बाईंनी हरकत घेतली : “तो शब्द पत्रात कुठे आहे?” मी म्हटलं, “त्याने तो टाळलाय. आपणही टाळला, तर गुलामगिरीचा इतिहास शोधणाऱ्याला हे पत्र कधीच सापडणार नाही.” त्यांनी चष्मा लावून पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. वेळ लागला. मग म्हणाल्या, “घाल. आणि त्याचे शब्दही जसेच्या तसे खाली लिही.”

तसं केलं. मग सकाळपासून नुसतं ‘जकात’ लिहून बाजूला ठेवलेली पत्रं पुन्हा पुढे ओढली.