एकशे ऐंशी दिवसांनी आलेली परीक्षा

नोंदी आपोआप पुसल्या जाव्यात यासाठी मी जी व्यवस्था उभी केली, तिची खरी परीक्षा ती सुरू झाल्यानंतर सहा महिन्यांनी झाली आणि त्या परीक्षेत ती अडकली. जिथे अडकली तिथून ती सोडवण्यासाठी एक अर्ज तीनदा भरावा लागला आणि अकरा दिवस थांबावे लागले. हे लिहिताना त्या अकरा दिवसांचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगते.

मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत सर्व्हर आणि नोंदींची, म्हणजे लॉगची, व्यवस्था पाहते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सगळ्या प्रणालींचे लॉग मागचे १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक झाले आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून मिळाली. आमचे लॉग इलॅस्टिकसर्चमध्ये, म्हणजे माहिती साठवून तिच्यात शोध घेणाऱ्या प्रणालीत, जात होते. तोवर दर महिन्याला एक इंडेक्स, म्हणजे नोंदींचा एक संच, असे आणि रात्री चालणारी एक स्क्रिप्ट त्यातल्या जुन्या नोंदी शोधून पुसत असे. ही पद्धत मुळातच चुकीची होती. इंडेक्समधली एखादी नोंद पुसली की ती फक्त पुसल्याची खूण होते; तिने व्यापलेली जागा पुढे सेगमेंट, म्हणजे इंडेक्सचे डिस्कवरचे छोटे तुकडे, एकत्र होतील तेव्हाच सुटते. उलट अख्खा इंडेक्स काढून टाकला तर त्याच्या फाइलीच जातात आणि डिस्क लगेच मोकळी होते. काळानुसार येणाऱ्या माहितीचे इंडेक्स लहान तुकड्यांत ठेवायचे आणि जुना तुकडा पूर्ण काढायचा, हे या सगळ्या व्यवस्थेचे मूळ आहे.

इलॅस्टिकसर्चमध्ये हे काम इंडेक्स लाइफसायकल मॅनेजमेंट, म्हणजे इंडेक्सला एकेका टप्प्यातून पुढे नेणारी सोय, करते. ६.६ या आवृत्तीपासून ते उपलब्ध आहे. आमची आवृत्ती ७.१७ होती. मी धोरण असे लिहिले: एक दिवस झाला किंवा प्राथमिक शार्ड, म्हणजे इंडेक्सचा मूळ तुकडा, ५० जीबीचा झाला की रोलओव्हर, म्हणजे लिहिण्यासाठी नवा इंडेक्स, सात दिवसांनी तो हॉट नोडवरून (ताज्या नोंदींच्या सर्व्हरवरून) वॉर्म नोडवर (जुन्या नोंदींच्या सर्व्हरवर), साठ दिवसांनी कोल्ड टप्पा, ज्यात रेप्लिका (शार्डच्या जादा प्रती) शून्यावर, आणि १८० दिवसांनी डिलीट. रोज सुमारे ४० जीबी येत होते, म्हणजे दिवसाला एक इंडेक्स. ७.९ पासून डेटा स्ट्रीम, म्हणजे आपले इंडेक्स आपोआप बनवणारे एक सामायिक नाव, मिळतात, म्हणून एलियास (इंडेक्सला दिलेले दुसरे नाव) आणि पहिला इंडेक्स हाताने बनवण्याची कटकट मी टाळली. ज्यांना एलियासच वापरायचा आहे त्यांनी पहिल्या इंडेक्सच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि आकडा आहे ना, हे आधी पाहावे, नाहीतर रोलओव्हर तिथेच थांबतो. हा सगळा भाग दोन दिवसांत झाला आणि ऑक्टोबर २०२२ पासून इंडेक्स शिस्तीत पुढे सरकू लागले.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण तिच्यावरून आमच्याकडे लेखापरीक्षणात प्रश्न आला होता. रोलओव्हर असेल तर पुढच्या टप्प्यांचे दिवस इंडेक्स बनल्यापासून मोजले जात नाहीत, रोलओव्हर झाल्यापासून मोजले जातात. त्यामुळे १८० दिवस लिहिले तर कोणतीही नोंद १८० दिवसांच्या आत जात नाही, काही थोड्या जास्त राहतात. महिन्याला एकदा रोलओव्हर करणाऱ्यांच्या बाबतीत हे ‘थोडे’ महिनाभराचे होते आणि डिस्कचा हिशेब तितका चुकतो.

आता अडकलेल्या जागेकडे येते. कोल्ड टप्प्यात रेप्लिका नसल्यामुळे एक डिस्क गेली तर त्या नोंदी गेल्या. म्हणून लेखापरीक्षकांनी अट घातली की कोणताही इंडेक्स पुसण्यापूर्वी त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे बाहेर ठेवलेली प्रत, झालेला असलाच पाहिजे. अट योग्य होती. डिलीट टप्प्यात ‘वेट फॉर स्नॅपशॉट’ नावाची क्रिया त्यासाठीच असते: स्नॅपशॉटच्या एका धोरणाचे नाव द्यायचे, आणि इंडेक्स त्या टप्प्यात आल्यानंतर सुरू झालेला त्या धोरणाचा यशस्वी स्नॅपशॉट मिळेपर्यंत तो इंडेक्स पुसला जात नाही. मी ती घातली. स्नॅपशॉट रोज रात्री एका सामायिक साठवणुकीवर जात होते, आणि ती साठवणूक कंपनीतल्या दुसऱ्या विभागाच्या ताब्यात आहे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हॉट नोडची डिस्क ६० टक्क्यांवर गेल्याचा इशारा आला. एरवी ती चाळिशीच्या आत असते. पाहिले तर सात दिवस उलटून गेलेले इंडेक्स अजून हॉटवरच होते. ‘एक्सप्लेन’, म्हणजे इंडेक्स कोणत्या पायरीवर आहे ते सांगणारी आज्ञा, विचारल्यावर ते ‘चेक मायग्रेशन’ या पायरीवर थांबलेले दिसले, म्हणजे वॉर्म नोडवर जागा मिळण्याची वाट पाहत होते. वॉर्मच्या तिन्ही नोडची डिस्क ८५ टक्क्यांपुढे गेली होती, आणि आमच्या आवृत्तीत त्या मर्यादेनंतर नोडवर नवा शार्ड ठेवला जात नाही. ९० टक्क्यांना असलेले शार्ड हलवायला सुरुवात होते आणि ९५ टक्क्यांना इंडेक्सवर लिहिणेच बंद होते. माझ्या हिशेबाप्रमाणे वॉर्मची १२ टीबी जागा ७५ टक्क्यांवर स्थिरावायला हवी होती. मग सर्वांत जुना इंडेक्स पाहिला. तो ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेचा होता. एकही इंडेक्स पुसला गेला नव्हता.

इथे माझी जी चूक झाली ती नीट सांगते, कारण हाच अनुभव लिहिण्याचे कारण आहे. या व्यवस्थेवर लक्ष ठेवण्यासाठी मी रोज ‘एक्सप्लेन’ला फक्त त्रुटी असलेले इंडेक्स विचारत होते आणि रोज उत्तर रिकामे येत होते. पण वाट पाहणे ही त्रुटी नव्हे. स्नॅपशॉटसाठी थांबलेला इंडेक्स अमुक वेळेपासून अमुक धोरणाची वाट पाहत आहे एवढेच सांगतो, आणि तेही त्याला विचारले तरच. प्रणाली मी सांगितले तेच करत होती. वाट पाहायला मीच सांगितले होते. माझा इशारा चुकीच्या गोष्टीवर बसवलेला होता. आता मी एकच प्रश्न रोज विचारते, की सर्वांत जुना इंडेक्स किती दिवसांचा आहे, आणि तो १८३ दिवसांपुढे गेला की मला फोन येतो. थांबण्याचे कारण काहीही असो, या प्रश्नातून ते सुटत नाही.

स्नॅपशॉट का होत नव्हते? होत होते, पण अर्धवट. जानेवारीत जागा कमी पडू लागली म्हणून आम्ही तिसरा वॉर्म नोड जोडला होता. लिनक्सवर इलॅस्टिकसर्च पॅकेजमधून बसवताना त्याच्या नावाचा वापरकर्ता तयार होतो आणि त्याला मोकळा असलेला क्रमांक मिळतो. जुन्या पाच नोडवर तो क्रमांक एकच होता, नव्यावर वेगळा निघाला, कारण तिथे आधी आणखी काही बसवलेले होते. सामायिक साठवणूक परवानगी देताना नाव पाहत नाही, क्रमांक पाहते. त्यामुळे नव्या नोडवरचे शार्ड तिथे लिहिलेच जात नव्हते. एखादा शार्ड जरी राहिला तरी स्नॅपशॉटचे धोरण त्या फेरीला अपयशी धरते, आणि म्हणून जानेवारीपासून एकही यशस्वी स्नॅपशॉट नोंदला गेला नव्हता. रिपॉझिटरी, म्हणजे स्नॅपशॉटची ही साठवणूक, इलॅस्टिकसर्चमध्ये नोंदवताना सगळ्या नोडना तिथे लिहिता येते का याची तपासणी होते, पण ती त्या वेळी हजर असलेल्या नोडपुरतीच असते. नंतर नोड जोडला तर ‘व्हेरिफाय’ पुन्हा हाताने चालवावे लागते. ही एक ओळीची आज्ञा जानेवारीत चालवली असती तर मेमधले काहीच घडले नसते.

कारण कळायला एक दुपार लागली. उपाय करायला अकरा दिवस लागले. क्रमांक बदलण्यासाठी तो नोड थोडा वेळ बंद करावा लागणार होता, आणि रेप्लिका नसलेले इंडेक्स तेवढा वेळ अनुपलब्ध होणार होते, म्हणून बदल-विनंतीचा अर्ज आवश्यक होता. मला ते मान्य आहे. पण पहिला अर्ज चौथ्या दिवशी परत आला, कारण ‘वापरकर्ता’ या रकान्यात मी क्रमांक लिहिला होता आणि त्यांना नाव हवे होते. क्रमांकांचा फरक हाच सगळा आजार होता, आणि नाव तर सहाही नोडवर सारखेच होते. मी नाव लिहिले आणि क्रमांक शेऱ्यात टाकला. दुसऱ्यांदा तो परत आला, कारण बदल फसला तर जबाबदार कोण हे लिहिण्याचा रकाना रिकामा होता, आणि तो भरणे सक्तीचे आहे हे अर्जावर कुठेही लिहिलेले नव्हते. तिसऱ्यांदा मंजुरी मिळाली ती शनिवारी रात्रीची. कारण पूर्णपणे ठाऊक असताना, हातात आज्ञा तयार असताना, डिस्कचा आकडा रोज सकाळी वाढलेला पाहणे मला फार जड गेले. असा अर्ज ज्यांना भरायचा आहे त्यांनी तो पाठवण्याआधी त्या विभागातल्या माणसाला फोन करून प्रत्येक रकाना वाचून दाखवावा. मी तिसऱ्या वेळी तेच केले.

त्या दिवसांत मी नवा शार्ड ठेवण्याची ती मर्यादा तात्पुरती ८५ वरून ८८ टक्के केली, त्यामुळे हॉटवर साचलेले इंडेक्स एकदाचे पुढे सरकले. धोरणातून स्नॅपशॉटची अट काढून टाकावी असे एका सहकाऱ्याने सुचवले. मी नकार दिला, आणि ते बरोबर होते असे मला आजही वाटते: अट काढून पुसले असते तर त्या नोंदींची कोणतीही प्रत उरली नसती. शिवाय त्याचा उपयोगही झाला नसता, कारण एखाद्या टप्प्यात शिरलेला इंडेक्स त्या टप्प्याची व्याख्या स्वतःजवळ धरून ठेवतो, आणि तो ज्या पायरीवर उभा आहे तीच नव्या धोरणातून काढली तर तो जुन्याच व्याख्येवर थांबून राहतो.

शनिवारी रात्री नोड बंद केला, क्रमांक बदलला, फाइलींची मालकी नव्या क्रमांकावर केली आणि नोड सुरू केला. ‘व्हेरिफाय’ने सहाही नोडची नावे दाखवली. स्नॅपशॉटचे धोरण हाताने चालवले आणि तो पहाटेपर्यंत पूर्ण झाला, या वेळी एकही शार्ड न गळता. लाइफसायकलची व्यवस्था मुळात दर दहा मिनिटांनी आपली फेरी मारते, म्हणून मी चहा घेऊन बसले. एका फेरीत इंडेक्सची यादी आखडू लागली. थांबलेले ४८ इंडेक्स गेले, जवळजवळ १.९ टीबी मोकळी झाली, आणि मी ती मर्यादा पुन्हा ८५ वर आणली.

नव्याने हे करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वर सांगायची राहिली. खऱ्या धोरणाआधी त्याचीच एक छोटी प्रत चाचणीच्या क्लस्टरवर, म्हणजे नोडच्या वेगळ्या गटावर, बनवावी, ज्यात सात दिवसांच्या जागी पाच मिनिटे आणि १८० दिवसांच्या जागी वीस मिनिटे असतील, आणि फेरीचा काळ दहा मिनिटांवरून दहा सेकंदांवर आणावा. मग इंडेक्स जन्मल्यापासून पुसला जाईपर्यंतचा सगळा प्रवास तासाभरात डोळ्यांसमोर होतो. मी हॉटपासून कोल्डपर्यंत असेच तपासले होते आणि डिलीटपाशी थांबले होते, कारण पुसणे हे सर्वांत सोपे काम वाटले होते. आता नवा नोड आला की आधी ‘व्हेरिफाय’ चालवले जाते आणि मग ही वीस मिनिटांची चाचणी, स्नॅपशॉटच्या अटीसकट. गेल्या वेळी नोड जोडला तेव्हा चाचणीचा इंडेक्स तेविसाव्या मिनिटाला यादीतून गेला, आणि तोवर मी खुर्चीवरून उठले नव्हते.