पार्ल्यातली पश्चिमेची भिंत

मुंबईत घरसजावटीच्या कामाला खरा जोर येतो तो गणपती गेल्यावर. पितृपक्षात लोक नवं काम काढत नाहीत, पण घटस्थापनेपासून फोन सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत सुतार, रंगारी, वायरमन कुणाचीच तारीख मिळत नाही. हवाही याच सुमारास पालटते. हवामान खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे पाऊस ८ ऑक्टोबरच्या आसपास मुंबईतून परततो. मग आभाळ मोकळं होतं, वारा पडतो, हवेतला दमटपणा मात्र तसाच राहतो आणि पारा ३३-३४ अंशांवर जाऊन बसतो. पंचांगात शरद ऋतू, अंगाला घामाच्या धारा.

नेमक्या त्या दिवसांत विलेपार्ले पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीतून मला बोलावणं आलं. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचं, बैठकीची मोठी खिडकी पश्चिमेला. सूनबाई बरीच वर्षं टोरांटोजवळ राहून त्या उन्हाळ्यात नवऱ्यासह सासूबाईंकडे परतली होती. आठ वर्षांची मुलगी तिथेच जन्मलेली. पोरीचा इथे जीव रमत नव्हता. "ताई, तिला आता तिथला फॉल आठवतोय," सूनबाई म्हणाली. "रोज विचारते, इथे पानं कधी लाल होणार? मला घर तसं करून हवंय. शिरलं की कोझी वाटलं पाहिजे."

तिने एक खोकं उघडून दाखवलं. कापडी मेपलच्या पानांच्या माळा, लोकरीच्या जाड शाली, दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या, शोभेचे छोटे भोपळे. एवढ्या लांबून जपून आणलेलं ते सामान होतं आणि ती एकेक वस्तू दोन्ही हातांनी बाहेर काढत होती. डोक्यावर पंखा पाचावर फिरत होता, तरी आमच्या तिघींच्या पाठी भिजल्या होत्या. तिसऱ्या म्हणजे काकू, तिच्या सासूबाई. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मेणबत्ती नाकाशी नेऊन लगेच खाली ठेवली. त्यांना दमा आहे हे मला नंतर कळलं.

अशा वेळी गिऱ्हाईक म्हणेल ते लावून मोकळं होणं सोपं असतं. ते मला पटत नाही, कारण त्या घरात माझ्यामागे माणसं राहणार असतात. मी स्पष्ट सांगितलं की लोकर इथे नको. आपल्या हवेत ती ओल धरते, महिनाभरात कुबट वास येतो आणि अंगावर तर कुणी घेणारच नाही. गालिचाही नको. वासाच्या मेणबत्त्या काकूंसाठी नकोत आणि कापडी पानांच्या माळांजवळ तर मुळीच नकोत. रंग मात्र तिचेच घेऊ: हळदी, विटकरी, गेरू, मधाचा, काळपट हिरवा. सगळं सुती कापडात. खिडकीला आतून सुती पडदा आणि बाहेरून बांबूची चीक, म्हणजे दुपारचं ऊन काचेपर्यंत येण्याआधीच अडेल. तिने मान डोलावली, पण चेहरा उतरला. तिला हवं होतं ते हे नव्हे, एवढं मला दिसत होतं. नेमकं काय हवं होतं ते ना तिला सांगता येत होतं, ना मला ओळखता येत होतं.

कापड मंगलदास मार्केटमधून आणलं. धारावीच्या कुंभारवाड्यातून मातीच्या कुंड्या आणि दोन मोठे घट आणले. तिथे सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या पिढ्या अजून चाक फिरवतात, आणि दिवाळीच्या तोंडावर पणत्यांचे ढीग ओलांडूनच आत जावं लागतं. भाजलेल्या मातीचा जो लालसर रंग असतो, तो कुठल्याही डब्यातल्या रंगाने येत नाही. कोजागरीला घरी माणसं बोलावलेली होती, तोवर बैठकीची खोली उरकायची असं ठरलं.

दसऱ्याला कारागिरांनी सुट्टी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हजर झाले. दारावर आदल्या दिवशीचं झेंडूचं तोरण होतं, देवासमोर आपट्याची पानं होती. रंगाऱ्याने पश्चिमेच्या भिंतीवरचा वॉलपेपर सोलायला घेतला. काकू मुलाकडे परदेशी असताना घर भाड्याने दिलेलं होतं, त्या काळात कुणीतरी तो चिकटवला होता. पहिला पट्टा निघाला आणि रंगाऱ्याचा हात थांबला. खाली काळी बुरशी, खिडकीच्या कोपऱ्यापासून पार सोफ्याच्या पाठीपर्यंत. पोपडे बोटाने दाबले की आतून ओलं पीठ निघत होतं. मुंबईत पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती चार महिने न्हातात. बाहेर बारीकशी भेग असली तरी पाणी विटेत उतरतं. आतून वॉलपेपरने तोंड बंद केल्यावर ते वाळणार कुठून?

काकू जवळ आल्या, भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, "म्हणून मला या खोलीत बसलं की खोकला येतो होय!" त्यांचा दमा केवळ भिंतीमुळे होता असं मी म्हणणार नाही, पण बुरशीने दमा बळावतो. ज्या भिंतीपाशी टेकून ही बाई रोज संध्याकाळी बसत होती, तिच्यावर नवा रंग फासणं माझ्याच्याने झालं नसतं.

मी काम थांबवलं. सूनबाई चिडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं. कोजागरी चार दिवसांवर होती. मी तिला सांगितलं की ही भिंत आता उघडीच राहील. सोसायटीकडून बाहेरची भेग भरून घ्यायची, आतलं सुटलेलं प्लास्टर काढायचं आणि ऑक्टोबरचं ऊन-वारं तिला खाऊ द्यायचं. या उन्हाला आपण सगळे शिव्या देतो, पण पावसाळ्यात दमटलेलं घर सुकवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पूर्वीच्या बायका याच दिवसांत गाद्या, गोधड्या, ट्रंकेतले कपडे गच्चीवर टाकत, ते उगीच नव्हे.

दुपारी वायरमनने दुसरी बातमी दिली. मेन स्विचजवळचा ब्रेकर सारखा पडत होता. त्याने त्या भिंतीतला बॉक्स उघडला तर आत पाण्याचे थेंब. "मॅडम, हॉलची लाईन आज चालू करायची नाही. कुणाला शॉक बसला म्हणजे?" त्याने अख्ख्या खोलीची लाईन काढून टाकली. छतावरच्या पांढऱ्या ट्यूबा, भिंतीवरचे दिवे, पंखा, सगळं बंद. पश्चिमेची खिडकी सताड उघडली. चार वाजता कुठे खाऱ्या वाऱ्याची झुळूक यायला लागली.

दिवेलागणीला आम्ही सगळे तिथेच होतो. ऑक्टोबरच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. जुलैत सव्वासातनंतरही उजेड असतो, म्हणजे तासभर संध्याकाळ अलीकडे सरकलेली असते आणि आपल्या ते लक्षातही येत नाही, कारण आपण बटण दाबून मोकळे होतो. त्या दिवशी दाबायला बटण नव्हतं. वायरमनला हत्यारं गोळा करायची होती. त्याने स्वयंपाकघरातल्या प्लगवरून एक वायर ओढली, पिशवीतून काचेचा जुना साठ वॅटचा बल्ब काढला, होल्डरला लावला आणि रंगाऱ्याच्या घोड्याच्या खालच्या दांडीला अडकवला. जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर.

खोली एकदम बदलली. वर छताकडे काळोख राहिला आणि उजेड खाली जमला. सोललेली भिंत दिसेनाशी झाली. कोपऱ्यातल्या मातीच्या घटांवर आतून जाळ असावा तसा रंग चढला. आपट्याची पानंदेखील तांबूस दिसू लागली. मुलगी आपली रंगाची वही घेऊन आली आणि बल्बच्या शेजारी फरशीवर पालथी पडली. काकूंनी चहा आणला आणि खुर्चीवर न बसता पाटावर टेकल्या. रंगारी आणि वायरमनही कप घेऊन भिंतीकडेला उकिडवे बसले. दिवसभर एकमेकींशी अवाक्षर न बोललेल्या सासू-सुना भोपळ्यावरून बोलू लागल्या. तिथे पोरं भोपळे कोरून त्यांत दिवा ठेवतात म्हणे, आणि काकू विचारत होत्या, आतला गर टाकून देता की काय? घारगे कर की त्याचे.

बोलता बोलता सूनबाई थांबली आणि मला म्हणाली, "ताई, आम्ही तिथे असे बसायचो. अश्शाच उजेडात."

मग ती खूप सांगत राहिली आणि मला हवं ते सगळं कळलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे घड्याळं तासभर मागे घेतात आणि मग पाच वाजताच काळोख पडतो. डिसेंबरात तर दिवस नऊ तासांचाही नसतो. बाहेर गारठा. घरात छताचा दिवा कुणी लावत नाही, सोफ्याशेजारी एक आणि खिडकीत एक असे बुटके दिवे लावतात आणि सगळे त्यांच्याभोवती गोळा होतात. लोकर, पानं, भोपळे हे त्या संध्याकाळच्या भोवतीचं सामान. पोरीला त्या बसण्याची आठवण येत होती. इथे आल्यापासून तिची प्रत्येक संध्याकाळ पांढऱ्याफेक ट्यूबखाली गेली होती.

ही ट्यूब साधारण ६५०० केल्विनची, म्हणजे भर दुपारच्या उजेडासारखी निळसर पांढरी. जुना बल्ब २७०० च्या आसपास, मेणबत्ती त्याहूनही पिवळी. आकडा जितका कमी तितका उजेड तांबूस. आपल्याकडे पांढरा लख्ख उजेड म्हणजे प्रगती असं दोन पिढ्यांनी मानलं, आणि चाळीच्या अंधाऱ्या खोल्यांतून आलेल्या माणसांनी तसं मानणं साहजिक होतं. पण रात्री आठ वाजता डोक्यावर दुपार घेऊन कुणाला निवांत वाटेल? मुंबईच्या घराला शरदात उबेची गरज नसते, संध्याकाळची असते. ती पडद्यांनी आणि उश्यांनी येत नाही. आधी दिवा खाली यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी सरळ लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात गेले. २७०० केल्विनचे एलईडी घेतले, आठ-नऊ वॅटचे. साठ वॅटच्या जुन्या बल्बाएवढा उजेड देतात आणि तापत नाहीत, जे ऑक्टोबरात फार मोलाचं. घेताना रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९० च्या पुढचे घेतले, नाहीतर विटकरी कापड मातकट दिसतं आणि माणसांचे चेहरे आजारी. वेताच्या शेड, एक उंच स्टँड, दोन बुटके दिवे. सगळे दिवे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली राहतील असे, आणि कोरड्या भिंतीवरच्या प्लगांवर. ओल्या भिंतीपासून सोफा हात-दीड हात पुढे ओढला, मागे हवा खेळती राहावी म्हणून. कापडी पानांची एक माळ मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर लावली, बाकीच्या काढून ठेवल्या. लोकरीच्या शाली डांबराच्या गोळ्या घालून पेटीत गेल्या.

मुलीला मी बाल्कनीतून समोरचं बदामाचं झाड दाखवलं. मेपल लाल होतो तो दिवस आखूड झाल्यावर आणि थंडी पडल्यावर, कारण पानातला हिरवा रंग विरून जातो. आपल्या बदामाची पानंही लाल होतात, पण हिवाळा सुरू झाल्यावर, गळण्याआधी. तिने कॅलेंडरवर खूण करून ठेवली.

एक प्रश्न काकूंनी काढला आणि तो अगदी खरा होता. "अगं, हे छान आहे, पण मला तांदूळ निवडताना दिसायचं कसं? पोथी वाचायची कशी?" साठीनंतर डोळ्यांना जास्त उजेड लागतो. सुंदर दिसण्यापायी म्हाताऱ्या माणसाला चाचपडायला लावणारी सजावट मला मान्य नाही. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या खुर्चीसमोर ४००० केल्विनचा एक वाकवता येणारा दिवा बसवला, उजेड नेमका हातावर पडेल असा. आणि छतावरची ट्यूब काढली नाही. लाईन दुरुस्त झाल्यावर तिचं बटण काकूंच्या हाताशी आणून दिलं. रात्री-अपरात्री औषध शोधायचं झालं, पडायला झालं, तर ती हवीच.

कोजागरीला माणसं आली तेव्हा सोललेली भिंत तशीच उघडी होती. सूनबाईला आधी लाज वाटत होती, मग तिनेच ठरवलं की झाकायची नाही. केशर-जायफळाचं दूध गच्चीवर झालं आणि मंडळी खाली येऊन त्या बुटक्या दिव्यांभोवती बारा वाजेपर्यंत बसली. काकूंनी घारगे केले होते.

भिंत मात्र आम्ही लगेच रंगवली नाही. सोसायटीने बाहेरची भेग भरायला दिवाळी ओलांडली. त्यानंतर मी दर खेपेला भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवून यायची आणि दुसऱ्या दिवशी फोनवर विचारायची. आतून दव धरलं की भिंत अजून ओली. हे काम मुलीने स्वतःकडे घेतलं. डिसेंबरच्या मध्यावर तिचा फोन आला, प्लास्टिक कोरडं होतं. त्या आठवड्यात रंगारी गेला आणि हवा आतबाहेर जाऊ देणारा चुन्याचा रंग दिला, त्यात गेरू घालून.